आमच्या संगणकांनी केलेल्या कामाचा हिशेब द्या : स्वयंसेवी संगणन प्रकल्पांच्या संचालकांना खुले पत्र

प्रति,
घरोघरीच्या संगणकांच्या मदतीने संशोधन चालवणाऱ्या प्रकल्पांचे संचालक आणि त्या प्रकल्पांना आपले नाव देणारी विद्यापीठे व संशोधन संस्था यांस

विषय : स्वयंसेवकांनी केलेल्या कामाचा जाहीर हिशेब देण्याबाबत

सादर नमस्कार,

गेली चौदा वर्षे माझ्या घरातला एक संगणक, आणि त्यांतली शेवटची आठ वर्षे दोन संगणक, मी वापरत नसेन तेव्हा तुमच्यापैकी कुणा ना कुणाच्या संशोधनाची आकडेमोड करत आले आहेत. काही महिन्यांपूर्वी, ज्याला मी सर्वांत जास्त काळ साथ दिली तो प्रथिनांवरचा प्रकल्प एका रात्रीत थांबला. तेव्हा माझ्या यंत्रांवर कामाचे तीन तुकडे चालू होते आणि त्यांतला एक नव्वद टक्क्यांच्या पुढे गेला होता. तो पूर्ण झाला, निकालाची फाइल तयार झाली, पण ती घ्यायला पलीकडे सर्व्हरच उरलेला नव्हता. पहिले काही दिवस मला वाटले की नेहमीची दुरुस्ती चालू असेल. सहा आठवड्यांनी प्रकल्पाच्या मुखपृष्ठावर चार ओळींची सूचना आली : निधी संपला आहे, प्रकल्प बंद करण्यात येत आहे, सर्व स्वयंसेवकांचे आभार. आजवर जमा झालेले निकाल कुणाकडे आहेत, त्यांतून काय निघाले, अर्धवट राहिलेल्या तुकड्यांचे काय करायचे, यांविषयी त्या चार ओळींत एक अक्षरही नव्हते. मी तीन वेळा लिहून विचारले. उत्तर आले नाही, म्हणून आता जाहीरपणे विचारत आहे.

त्या प्रकल्पाचे नाव मी इथे घेत नाही, कारण ही तक्रार एका गटापुरती नाही. माझ्या खात्यावर आजवर अकरा प्रकल्पांची नोंद आहे. त्यांपैकी चार आज चालू नाहीत, आणि त्या चारांतल्या एकानेच जाताना नीट निरोप घेतला.

मी या कामाकडे वळले ती वडिलांच्या आजारपणामुळे. त्यांना अल्झायमर झाला होता. मेंदूतली काही प्रथिने चुकीच्या तऱ्हेने दुमडतात, एकमेकांना चिकटून साचत जातात आणि या आजाराशी त्याचा निकटचा संबंध आहे, एवढे डॉक्टरांकडून कळले. प्रथिन नेमके कसे दुमडते हे संगणकावर पाहायचे असेल, तर त्यातल्या प्रत्येक अणूची हालचाल सेकंदाच्या अब्जांश भागाच्याही सुमारे दोन दशलक्षांश भागाएवढ्या पावलांनी मोजावी लागते, आणि प्रथिनाच्या आयुष्यातला एक मायक्रोसेकंद पाहायला सुमारे पन्नास कोटी पावले टाकावी लागतात, हे मी स्वतः वाचून समजून घेतले. एका यंत्राच्या आवाक्याबाहेरचे हे काम हजारो यंत्रांवर लहान लहान तुकड्यांनी करून मग जोडता येते, हे कळल्यावर त्याच आठवड्यात मी प्रोग्रॅम उतरवून घेतला. आजारी माणसाच्या घरात करण्यासारखे फारसे काही नसते. हे एक करता येत होते.

रात्री झोपण्यापूर्वी घरातली सगळी बटणे बंद करायची वडिलांची जन्माची सवय होती. पुढे आमची नावे त्यांच्या लक्षात राहिनाशी झाली तरी ही सवय टिकली. माझा चालू संगणक ते रोज रात्री भिंतीवरच्या बटणापासून बंद करत. त्यामुळे फार बिघडत नसे, कारण प्रोग्रॅम थोड्या थोड्या वेळाने आपण कुठवर आलो ते नोंदवून ठेवतो आणि यंत्र पुन्हा सुरू झाले की तिथून पुढे जातो. नऊ वर्षांपूर्वी ते गेले, आणि त्यानंतर तो संगणक रात्रभर चालू राहू लागला.

व्यवसायाने मी लेखापाल आहे. देणग्यांवर चालणाऱ्या न्यासांचे हिशेब तपासणे हे माझे रोजचे काम. देणारा माणूस शंभर देवो की लाख, त्याला पावती मिळते, आणि वर्षाअखेरीस पैसा कुठे गेला हे न्यासाला दाखवावे लागते. हाच नियम विजेच्या, यंत्राच्या झिजेच्या आणि वेळेच्या रूपाने दिलेल्या देणगीला का लागू होऊ नये, हा माझा मूळ प्रश्न आहे. पुढे जे लिहिले आहे ते सगळे त्यातूनच निघते.

तुमच्या कामाविषयी मला आदर आहे, आणि तो पुराव्यावर उभा आहे. १९९६ मध्ये मर्सेन अविभाज्य संख्यांचा (दोनचा एखादा घात वजा एक, अशा रूपातल्या अविभाज्य संख्यांचा) शोध घरगुती संगणकांवर सुरू झाला. १७ मे १९९९ रोजी अमेरिकेतल्या बर्कलीच्या विद्यापीठाहून परग्रहांवरच्या बुद्धिमान जीवांचा माग काढणारे 'सेटी ॲट होम' सुरू झाले आणि पोर्तो रिको बेटावरच्या अरेसिबोच्या दुर्बिणीने टिपलेले रेडिओ संकेत पन्नास लाखांहून अधिक लोकांनी आपापल्या घरी तपासले. ऑक्सफर्डच्या हवामान प्रकल्पाने स्वयंसेवकांच्या यंत्रांवर हवामानाचे एकच प्रारूप थोडेथोडे बदलून दोन हजारांहून अधिक वेळा चालवले, आणि हवेतला कार्बन डायऑक्साइड दुप्पट झाला तर तापमानवाढीच्या अंदाजांत केवढी तफावत पडू शकते, हे २००५ मध्ये 'नेचर' या विज्ञान नियतकालिकातून दाखवून दिले. मार्च २०२० मध्ये, जग घरात कोंडलेले असताना, प्रथिनांच्या दुमडण्याचा अभ्यास करणाऱ्या 'फोल्डिंग ॲट होम' या प्रकल्पाला जोडलेल्या यंत्रांची एकत्रित गती सेकंदाला एकावर अठरा शून्ये एवढ्या क्रियांच्या पलीकडे गेली. तेव्हाचा कोणताही महासंगणक या गतीच्या जवळपासही नव्हता. त्या दिवसांत माझे दोन्ही संगणक त्यात होते. इतकी माणसे धावून आली की वाटायला कामाचे तुकडे पुरेनात. तेही त्या चमूने मोकळेपणाने सांगितले, आणि तासन् तास रिकामे बसावे लागूनही माझ्या ओळखीतल्या कुणी कुरकुर केली नाही. आम्हाला काय सहन होते आणि काय होत नाही, हे त्यावरून तुमच्या लक्षात यावे.

आता तक्रारी सांगते.

पहिली तक्रार अर्थातच न सांगता बंद होण्याची. प्रकल्प कधीतरी संपणारच, यात काही गैर नाही. 'सेटी ॲट होम'ने मार्च २०२० च्या सुरुवातीला जाहीर केले की महिनाअखेरीपासून नवे काम पाठवले जाणार नाही. कारणही साधेपणाने दिले : तपासायची सामग्री सध्यापुरती तपासून झाली आहे, आणि आता आलेल्या निकालांचा एकत्रित अभ्यास पूर्ण करण्याकडे लक्ष द्यायचे आहे. एकवीस वर्षांची सोबत संपत असूनही त्यात कुणाला फसवणूक वाटली नाही. (त्याच वर्षी १ डिसेंबरला अरेसिबोची दुर्बीणच कोसळली, तेव्हा ज्यांनी तिचे संकेत कधी आपल्या यंत्रावर तपासले होते त्यांना घरातले माणूस गेल्यासारखे वाटले असेल, मला वाटले.) एवढ्या प्रचंड प्रकल्पाला जे जमले ते लहान प्रकल्पांना का जमू नये? बंद करण्याचा निर्णय एका रात्रीत होत नाही. निधीची मुदत कधी संपते हे संचालकांना आधीच ठाऊक असते. तरीही शेवटच्या दिवसापर्यंत नवे तुकडे वाटले जातात, आठ-आठ दिवस चालणारे तुकडेसुद्धा, आणि ते परत घेणारे कुणी राहणार नाही हे माहीत असताना आमची वीज जळत राहते.

दुसरी तक्रार मला सर्वांत गंभीर वाटते, आणि ती निकालांविषयी आहे. आमच्या यंत्रांनी पाठवलेला प्रत्येक निकाल तुमच्या सर्व्हरवर जातो. त्यापुढे काय होते, हे कळायचा मार्ग बहुतेक प्रकल्पांनी ठेवलेला नाही. किती तुकडे वाटले, किती परत आले, किती गुण मिळाले, कुणाचा क्रमांक कितवा, हे आकडे मिनिटामिनिटाला बदलताना दिसतात. पण या निकालांवरून अमुक निष्कर्ष काढला, अमुक शोधनिबंध लिहिला, किंवा अमुक कल्पना चुकीची ठरली म्हणून सोडून दिली, हे सांगणारे पान उघडावे तर शेवटची नोंद चार-पाच वर्षांपूर्वीची असते. शोधनिबंध निघालाच तरी तो अनेकदा पैसे भरून वाचायच्या नियतकालिकात असतो. ज्या माणसाने त्यातली आकडेमोड पदरमोड करून केली, त्याला तो वाचता येत नाही.

याहून वाईट गोष्ट अशी की प्रकल्पाबरोबर कच्ची माहितीही नाहीशी होते. हजारो घरांतून वर्षानुवर्षे झालेली आकडेमोड कुठल्यातरी खोलीतल्या तबकड्यांवर पडून राहते, आणि सांभाळणारा विद्यार्थी पदवी घेऊन गेला की ती कुठे आहे हेही कुणाला सांगता येत नाही. तीच गणिते उद्या दुसऱ्या गटाला हवी असतील तर त्याला ती पहिल्यापासून करावी लागतील, पुन्हा कुणाच्यातरी विजेवर. हे टाळता येते. अनेक संशोधन गटांना घरगुती संगणकांची मदत मिळवून देणारे 'वर्ल्ड कम्युनिटी ग्रिड' २००४ मध्ये सुरू झाले तेव्हापासून तिथे येणाऱ्या संशोधकांना अट होती की यातून निर्माण होणारी माहिती सर्वांसाठी खुली करावी. कोविडच्या विषाणूविरुद्ध औषध शोधण्याच्या खुल्या प्रयत्नात, ज्यात 'फोल्डिंग ॲट होम'च्या यंत्रांची आकडेमोड वापरली गेली, रेणूंची माहिती पेटंट न घेता जगापुढे ठेवली गेली. ही उदाहरणे अपवाद म्हणून सांगावी लागतात, याचेच मला वाईट वाटते.

मला यश मोजून नको आहे. आमच्या यंत्रांनी दहा हजार रेणू तपासले आणि एकही कामाचा निघाला नाही, असे तुम्ही लिहिलेत तर मी ते समाधानाने वाचेन, कारण तेवढ्या दहा हजार वाटा पुढच्या माणसासाठी बंद झाल्या. सेतू बांधताना खारीने वाटा उचलला असे आपण म्हणतो, पण त्या खारीला सेतू पुढे सरकताना डोळ्यांना दिसत होता. आम्हाला टक्क्यांची पट्टी तेवढी दिसते.

तिसरी तक्रार शब्दांची आहे, आणि तिच्यावर जरा थांबावेसे वाटते. तुमच्या स्वागताच्या पानांवर आजही लिहिलेले असते की आम्ही तुमच्या संगणकाची 'वाया जाणारी' किंवा 'शिल्लक' शक्ती वापरतो. १९९९ मध्ये या वाक्यात बरेच तथ्य होते. त्या काळचा घरगुती प्रोसेसर रिकामा असला तरी बरीच वीज खात असे. पडद्यावर माशांचे किंवा फिरत्या आकृत्यांचे स्क्रीनसेव्हर चालवण्याऐवजी त्याने दूरच्या ताऱ्यांचे संकेत तपासले, तर बिलात फारसा फरक पडत नसे. आजचा प्रोसेसर काम नसेल तेव्हा स्वतःला जवळजवळ झोपवून घेतो. त्याच्याकडून काम करून घ्यायचे म्हणजे त्याला जागे करायचे, आणि जागेपणाची वीज वेगळी मोजावी लागते. प्लगला लावायच्या वीजमापकाने मी माझ्या मोठ्या संगणकाची मोजणी केली आहे. रिकामा असताना तो ४५ वॅट घेतो, आणि तुमचे काम पूर्ण जोरात चालू असताना १२०. म्हणजे ७५ वॅट जास्त. दिवसाचे दहा तास धरले तर वर्षाला सुमारे २७४ युनिट वीज फक्त या कामावर जाते, तीही ग्राफिक्स कार्ड न वापरता. ते वापरले तर हा आकडा कितीतरी वाढतो. यात पंख्याची झीज, तापणारे यंत्र आणि उन्हाळ्यात तापणारी खोली धरलेली नाही.

ही वीज मी जाणूनबुजून देते आणि देत राहीन. पण नव्याने येणाऱ्या माणसाला, बहुधा विद्यार्थ्याला, ही शक्ती फुकटच आहे असे सांगणे बरोबर नाही. बिल भरणारे आईवडील असतात आणि त्यांना याचा पत्ताही नसतो. शिवाय वीज जिथे कोळशावर तयार होते तिथे या कामाचा धूरही होतो; हवामानाचे संशोधन करणाऱ्या प्रकल्पांनी तरी हे लपवू नये. 'तुमच्या विजेचा वापर वाढेल, साधारण एवढा वाढेल, आणि तो असा मर्यादित करता येईल' ही तीन वाक्ये नोंदणीच्या पानावर ठळक लिहिल्याने खरा स्वयंसेवक कमी होणार नाही. प्रोग्रॅमच्या आरंभीच्या सेटिंगही सौम्य असाव्यात. बॅटरीवर चालणाऱ्या यंत्रावर काम सुरू होऊ नये, प्रोसेसरचे सगळे कोर (एकाच वेळी स्वतंत्र काम करणारे त्याचे भाग) एकदम ताब्यात घेतले जाऊ नयेत. असे बरेच प्रकल्प ज्यावर चालतात त्या 'बॉइंक' या सामायिक प्रोग्रॅममध्ये या सोयी कितीतरी वर्षांपासून आहेत, पण त्या शोधून काढण्याचे काम नवख्या माणसावर सोडलेले असते.

चौथी तक्रार थोडक्यात. एकच तुकडा दोन किंवा अधिक घरी पाठवून उत्तरांचा ताळा घेतला जातो, हे आम्हाला माहीत आहे आणि मान्य आहे. हिशेब तपासणारीला ताळ्याचे महत्त्व कुणी सांगायला नको. आक्षेप वेगळा आहे. कधी एखाद्या संचातली मूळ फाइलच चुकीची असते, हजारो तुकडे वाया जातात, आणि ते गुपचूप मागे घेतले जातात. चूक कुणाच्याही हातून होते. ती झाली हे त्याच दिवशी सांगितले, तर ज्यांना आपली यंत्रे थांबवायची आहेत ते थांबवतील.

पाचवी तक्रार सुरक्षिततेची. दुसऱ्याने लिहिलेला प्रोग्रॅम आपल्या यंत्रावर आपोआप उतरू देणे आणि चालू देणे, एवढा विश्वास आम्ही इतर कुणावरही टाकत नाही. 'बॉइंक'ची यंत्रणा करणाऱ्यांनी हे ओळखले होते, म्हणूनच प्रत्येक प्रोग्रॅमवर डिजिटल सही लागते आणि सही करायची गुप्त किल्ली इंटरनेटला न जोडलेल्या वेगळ्या संगणकावर ठेवावी असा त्यांचा सल्ला आहे. हा सल्ला तुमच्यापैकी किती जण पाळतात, हे आम्हाला कुणी सांगत नाही. काही प्रकल्पांचे सर्व्हर वर्षानुवर्षे जुन्या प्रणालीवर चालतात आणि त्यांत आमचे ईमेल पत्ते आणि पासवर्ड असतात. लोकांच्या यंत्रांवर चोरून आभासी चलन काढणारे प्रोग्रॅम पसरल्यापासून 'रिकामा संगणक' हा शब्द ऐकला तरी माणसे दचकतात. मी कुणाला या कामात यायला सांगते तेव्हा पहिला प्रश्न हाच येतो, आणि त्याला तुमच्या नावाने हमी देणे आता मला अवघड जाते.

या बाबतीत आमच्या बाजूचीही जबाबदारी आहे, ती नाकारत नाही. यंत्र आपले असेल किंवा मालकाची स्पष्ट परवानगी असेल, तरच त्यावर हा प्रोग्रॅम टाकावा. अमेरिकेत जॉर्जिया राज्यातल्या एका महाविद्यालयात संगणक सांभाळणाऱ्या माणसाने तिथल्या यंत्रांवर असाच एक प्रोग्रॅम बसवला, त्याच्यावर फौजदारी आरोप ठेवले गेले, आणि २००२ मध्ये तडजोड होऊन एक वर्षाची परिवीक्षा, पैशांची भरपाई व समाजसेवा एवढ्यावर तो सुटला. परवानगीचा हा नियम तुम्ही नोंदणीच्या वेळी मोठ्या अक्षरांत सांगितला पाहिजे.

सहावी तक्रार श्रेयाची आहे. ती मी सर्वांत शेवटी ठेवली, कारण बहुतेक स्वयंसेवकांना नावाची हाव नाही. तरीही ताऱ्यांचे संकेत तपासणाऱ्या 'आइन्स्टाइन ॲट होम' या प्रकल्पाने काय केले ते सांगितल्याशिवाय राहवत नाही. २०१० मध्ये त्या प्रकल्पाला एक नवा पल्सार (ठरावीक लयीत रेडिओ स्पंद पाठवणारा मृत तारा) सापडला, सेकंदाला सुमारे ४१ वेळा स्वतःभोवती फिरणारा. तो ज्या तुकड्यात दिसला तो तुकडा अमेरिकेतल्या आयोवामधल्या एका दांपत्याच्या आणि जर्मनीतल्या माइन्त्स शहरातल्या एका स्वयंसेवकाच्या संगणकावर, ताळ्यासाठी दोन्हीकडे, तपासला गेला होता. शास्त्रज्ञांनी त्या माणसांना शोधून काढून कळवले आणि 'सायन्स' या नियतकालिकातल्या निबंधात त्यांचा उल्लेख केला. मर्सेन संख्या शोधणारा प्रकल्पही पहिल्यापासून सापडलेल्या प्रत्येक संख्येबरोबर ती ज्याच्या यंत्रावर सापडली त्याचे नाव जाहीर करत आला आहे. बाकीच्यांनी निबंधाच्या शेवटी 'स्वयंसेवकांचे आभार' एवढी ओळ लिहिली तरी चालेल. काही निबंधांत तीही सापडत नाही, आणि सगळी आकडेमोड संस्थेच्याच यंत्रांवर झाली असा वाचकाचा समज होतो.

तुमच्या अडचणी मला दिसतात. अशा प्रकल्पाचा सर्व्हर, प्रोग्रॅम, निकालांची छाननी आणि स्वयंसेवकांच्या शंका हे सगळे दोन-तीन माणसांवर असते, आणि त्यांचे खरे काम संशोधनाचे असते. निधी देणाऱ्या संस्था नव्या शोधासाठी पैसे देतात, जुने नीट आवरण्यासाठी देत नाहीत. काळही बदलला आहे. प्रथिनांची रचना ओळखणाऱ्या संगणकीय पद्धतींसाठी २०२४ चे रसायनशास्त्राचे अर्धे नोबेल दिले गेले, आणि रचना ओळखण्याच्या ज्या कामासाठी आमची यंत्रे पूर्वी महिनोन् महिने चालत, त्यातले बरेच आता त्या पद्धती थोडक्या वेळात करतात. प्रथिन हलते कसे, दुमडताना कुठे चुकते, हा प्रश्न त्यांनी संपलेला नाही, असे मी समजते. ऑक्टोबर २०२४ मध्ये ४,१०,२४,३२० अंकांची सर्वांत मोठी ज्ञात अविभाज्य संख्या सापडली, ती भाड्याच्या दूरस्थ ग्राफिक्स प्रोसेसरांवर; घरगुती संगणकांची अठ्ठावीस वर्षांची सद्दी यामुळे संपली, असे त्या प्रकल्पानेच लिहिले. मला ते वाक्य आवडले, कारण ते खरे होते. तुमच्यापैकी ज्यांना आमच्या यंत्रांची गरज उरलेली नाही त्यांनी तसेच सांगावे. आम्ही ती वीज ज्याला गरज आहे त्याला देऊ. गरज नसताना आकडे फुगते राहावेत म्हणून आमच्याकडून काम करून घेणे मात्र कोणत्याही अडचणीने समर्थनीय ठरत नाही.

माझ्या मागण्या अशा आहेत.

प्रकल्प बंद करायचा असेल तर किमान नव्वद दिवस आधी तसे जाहीर करावे, त्या काळात फक्त परत घेता येतील एवढेच तुकडे वाटावेत, आणि शेवटचा तुकडा परत येईपर्यंत किंवा त्याची मुदत संपेपर्यंत सर्व्हर चालू ठेवावा. अचानक संकट आले, यंत्र जळाले, माणूस आजारी पडला, तर दोन ओळींची सूचना आठवड्याच्या आत लावावी.

दर वर्षी एक जाहीर अहवाल द्यावा. सामान्य माणसाला कळेल अशा भाषेत दोन पाने पुरेत. त्यात किती काम झाले, त्यातले किती वापरले गेले, किती आणि का वाया गेले, त्यातून काय निघाले किंवा काय निघाले नाही, आणि पुढच्या वर्षी कशासाठी आमची यंत्रे हवी आहेत, एवढे असावे.

आमच्या आकडेमोडीवर आधारलेला प्रत्येक निबंध कुणालाही विनामूल्य वाचता यावा, आणि तपासून झालेले निकाल कायम टिकणाऱ्या सार्वजनिक संग्रहात ठेवावेत. एखाद्या खाजगी कंपनीशी करार असेल, किंवा पेटंट घेण्याचा विचार असेल, तर ते नोंदणीपूर्वी सांगावे. मी अशा प्रकल्पाला नकार देईनच असे नाही, पण निर्णय मला करता आला पाहिजे.

विजेविषयीची माहिती नोंदणीच्या पानावर लिहावी आणि 'वाया जाणारी शक्ती' हे शब्द काढून टाकावेत. सही करायची किल्ली कशी सांभाळली जाते आणि सर्व्हर शेवटचा कधी अद्ययावत झाला, हे वर्षातून एकदा सांगावे.

विद्यापीठांना आणि संस्थांना एक स्वतंत्र विनंती आहे. प्रकल्प तुमच्या नावावर लोकांचा विश्वास मिळवतो, म्हणून तो संपताना निकाल सांभाळण्याची जबाबदारीही तुमची आहे, एखाद्या विद्यार्थ्याची किंवा एकट्या प्राध्यापकाची नाही. निधीच्या अर्जातच प्रकल्प आवरण्याचा आणि माहिती जतन करण्याचा खर्च मागावा.

यांतली एकही मागणी मान्य झाली नाही तर मी काय करणार, हेही सांगते. माझे दोन्ही संगणक मी थांबवलेले नाहीत. त्यांतला मोठा आता अशा एका प्रकल्पाला जोडला आहे, जो आपले निकाल नियमित प्रसिद्ध करतो. यापुढे कुणी मला विचारले की कोणत्या प्रकल्पाला मदत करावी, तर मी आधी त्याच्या निकालांचे पान उघडून शेवटच्या नोंदीची तारीख पाहायला सांगेन, आणि माझ्यासारख्या इतरांनीही तसेच करावे अशी त्यांना या पत्रातून विनंती करते.

आणि ज्या प्रकल्पापासून हे पत्र सुरू झाले त्याच्या संचालकांसाठी : तुमचे ते तिन्ही तुकडे पुढच्या चार दिवसांत पूर्ण झाले. निकालांच्या फायली माझ्या संगणकावर अजून आहेत, मी त्या पुसलेल्या नाहीत. त्या कुठे पाठवायच्या, ते कळवावे.

आपली,
एक स्वयंसेवक